काकडीवरचं मीठ

पुलगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात शालूबाई सत्तावीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळत होत्या. कुठल्या बाटलीत काय, हे त्या नाव वाचून नाही, जागेवरून ओळखायच्या. डावीकडून तिसरी म्हणजे मीठ. दुपारच्या डब्यात काकडी असली की त्याच बाटलीतलं चिमूटभर वर पडायचं. सोडियम क्लोराइड म्हणजे मीठच ना, मग घरून पुडी कशाला आणायची! केमिस्ट्रीच्या मंजुषा मॅडमही ती काकडी आवडीनं खायच्या. मीठ कुठलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

बाहेरचे परीक्षक येणार म्हणून सोमवारी शालूबाईंनी सगळ्या बाटल्या टबात बुडवून घासल्या, आणि चिठ्ठ्या सुटून पाण्यावर तरंगू लागल्या. बाईंनी त्या वाळवल्या आणि अंदाजानं चिकटवून दिल्या. नीटनेटकेपणाची हौस भारी, ती अशी अंगाशी आली.

मंगळवारी काकडी खाऊन मॅडम वर्गावर गेल्या. घासल्यापासून टेबलावरच राहिलेल्या दोन सारख्या बाटल्या जागेवर ठेवताना शालूबाईंची नजर चिठ्ठ्यांवर पडली. एकीवर सोडियम क्लोराइड, दुसरीवर बेरियम क्लोराइड. हे विष आहे, तोंडाला हात लावू नका, असं मॅडम पोरांना दरवर्षी बजावायच्या. आता चिठ्ठी चुकली होती की बाटली?

पोरं दोन थेंब सिल्व्हर नायट्रेट टाकतात आणि पांढरं आलं की वहीत काहीतरी लिहितात, एवढं त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी दोन्ही बाटल्यांतलं चिमूट चिमूट पाण्यात विरघळवून तेच केलं. दोन्ही नळ्यांत दह्यासारखं पांढरं. म्हणजे दोन्ही मीठ? की दोन्ही विष? त्या घाबरून वर्गाकडे धावल्या आणि दारातच सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

मॅडमचा चेहरा उतरला, पण त्या रागावल्या नाहीत. लगबगीनं येताना म्हणाल्या की सिल्व्हर नायट्रेट फक्त क्लोराइड ओळखतं, आणि ते तर दोन्हींत आहे. बेरियम हुडकायला सौम्य सल्फ्युरिक आम्ल लागतं. त्यांनी दोन्ही बाटल्यांतलं चिमूट चिमूट नव्या नळ्यांत विरघळवून त्यात ते टाकलं. एक नळी पांढरी झाली, तेच बेरियम; एक स्वच्छ राहिली. पण काकडीवर पडलं होतं कोणतं, हे शालूबाईंना शपथेवरही सांगता येईना. दोन्ही बाटल्या तेव्हा टेबलावरच होत्या.

डब्याच्या तळाला काकडीचं खारट पाणी उरलं होतं. ते गाळता गाळता मॅडमनी विचारलं, "तुम्ही किती फोडी खाल्ल्या?"

आपणही खाल्ली, हे शालूबाईंच्या ध्यानातच नव्हतं.

"चार-पाच खाल्ल्या असतीन," त्या म्हणाल्या. "पन तुमचंच पायजा आधी."

मॅडमनी आम्लाचा थेंब टाकला. नळीतलं पाणी तसंच स्वच्छ राहिलं. मग मॅडम स्टुलावर बसल्या आणि रडल्या, शालूबाईही रडल्या.

डोळे पुसून मॅडमनी त्यांच्या हातात जाड पेन दिला आणि विषाच्या बाटलीवर नाव तुम्हीच लिहा म्हणाल्या. शालूबाईंनी मराठीत 'बेरियम' लिहिलं, आणि खाली, मोठ्या अक्षरात, 'खायचं नाई'.