गच्चीवरच्या सळया

पोंभुर्ण्याचं आमचं घर धाकट्या भावानं बांधलं. खाली तो राहणार आणि वरचा मजला माझा, असं ठरलं होतं. म्हणून कॉलमच्या सळया गच्चीवर हातभर उघड्या सोडल्या. मी घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात नोकरीला. मजला मी बांधला नाही आणि सळयाही कापू दिल्या नाहीत. कापल्या तर वाटा गेला, एवढंच डोक्यात.

भाऊ दर उन्हाळ्यात विचारायचा, "बांधता, का कापू?"

"बांधतो ना. घाई काऊन करून राह्यला?"

त्याच्या बायकोनं सळयांना दोरी बांधून कपडे वाळत घातले. टोकांवर प्लास्टिकच्या बाटल्या उपड्या घातल्या. तरी पाणी बुडाशी मुरायचंच. लोखंड गंजलं की फुगतं आणि भोवतालचं काँक्रीट फोडतं. कॉलमना उभ्या भेगा पडल्या. दर दिवाळीला त्यावर प्लास्टर आणि रंग, पुढच्या पावसात पुन्हा तपकिरी ओघळ. मला वैताग यायचा, तो भेगांचा नव्हे, त्या दरवेळी मलाच दाखवल्या जायच्या याचा.

सिमेंटवाला म्हणून नातेवाईक मलाच विचारत. मी सांगून मोकळा झालो, "यानं सिमेंटच कमी घातलं." तेव्हापासून लग्नकार्यात त्याला ऐकावं लागे, "घरच्या घरातही खाल्लं का गा?" खरं तर माल त्यानं चोख घातला होता. मी स्वतः उभा राहून पाहिलं होतं.

गेल्या पावसाळ्यात स्वयंपाकघरात गॅसच्या शेजारी काँक्रीटचा मोठा ढलपा पडला. इंजिनिअर म्हणाला, सळया आतून खलास, घर रिकामं करा. मग मी सगळ्यांना बसवून सांगितलं, चूक माझी, सळया मी कापू दिल्या नाहीत.

आमचे मामेभाऊ कौतुकानं मान हलवत म्हणाले, "लहान्याची लाज राखून राह्यले. मोठं मन आहे तुमचं."

पुन्हा सांगितलं, तर भावाची बायकोही म्हणाली, "जाऊ द्या ना भाऊजी, झालं ते झालं." डोकं फिरायची वेळ आली.

बाहेर भाऊ ट्रॅक्टरवर पलंग चढवत होता. भाड्याच्या दोन खोल्या मिळाल्या होत्या. मी म्हटलं, "कोणी ऐकूनच नाई राह्यलं."

"खोटं बोलले तेव्हा तर एका दमात पटलं होतं लोकायले," तो म्हणाला. "ते टोक धरा आता."

मी धरलं.