अंबाडी नाक्यावरचा बॅनर

भारताच्या नेटबॉल संघातून मी खेळले, पण त्याच्या वर्षभर आधीच अंबाडी नाक्यावर मी आंतरराष्ट्रीय खेळाडू झाले होते. तसा बॅनरच लागला होता. माझा फोटो आधार कार्डावरचा उचललेला, बाजूला बॉल बास्केटबॉलचा आणि खाली शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेत थोरल्या काकांचा फोटो एवढा मोठा होता, की खेळायला तेच निघालेत असं वाटावं.

आमच्या घरात नेटबॉल कुणाला कळला असेल तर शप्पथ. बाबा एकदाच सामना बघायला आले. या खेळात बॉल हातात आला की तो घेऊन पळता येत नाही, तीन सेकंदांत दुसरीला द्यावा लागतो. परत येताना बाबा गाडीत म्हणाले, "बाय, हातात आलेलं असं देऊन टाकायचं? आपल्या खानदानात कोनी केलं न्हाय." हे मात्र खरं. हातभर बांधावरून आमची दोन चुलत घरं बोलत नाहीत. आता शेतांवर गोदामं उभी राहिली, बांध गेले, अबोला तेवढा शाबूत आहे. मी गोलकीपर. समोरची जाळीत बॉल टाकत असली की तीन फूट लांब उभं राहून, हात वर करून तिला अडवायचं. "पोलिसांनी पकडल्यासारखी काय उभी व्हतीस?" हेही त्यांनी विचारून घेतलं.

थोरल्या काकांना काहीच विचारायचं नव्हतं. घरात शब्द त्यांचा, आणि माझ्यासाठी वाडा तालुक्यातलं एक स्थळ त्यांनी हेरून ठेवलं होतं. भारताच्या शिबिराचं पत्र आलं तेव्हा त्यांनी बाबांना समोर बसवलं. "संघात नाव आलं तर खेलू दे. न्हाय आलं तर दिवालीनंतर हलद." बाबांनी मान डोलावली. मला त्या मानेचा फार राग आला. शिबिरात आम्ही चोवीस जणी होतो आणि संघात जागा बारा.

मी शिबिराला गेले त्याच आठवड्यात बाबांनी धामणकर नाक्याजवळून बॅनर छापून आणला आणि अंबाडीला बांधला. 'भारतीय संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मैत्रिणीने फोटो पाठवला तेव्हा मी सरावातून घामेजून आले होते. तशीच फोनवर ओरडले, "बाबा, निवड झालेली नाही अजून! हे नुसतं शिबिर आहे. काढा तो!"

"आता बांधलाय तर राहू दे," बाबा म्हणाले. "गाठी गच्च बसल्यात."

बारा जणींत माझं नाव आलं नाही. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. परतताना अंबाडीला उतरले, तर वर मीच हसत होते. वडापाववाल्याने "भारताच्या प्लेयरला" म्हणून दोन मिरच्या जास्त दिल्या. त्या हातात धरून मी घरी पोचले.

काका पडवीतच बसले होते. गेला महिनाभर माझ्या वाटचे सगळे हार त्यांनीच गळ्यात घालून घेतले होते. गावाने त्यांना शाल दिली होती, आणि एका हळदीच्या मांडवात माईक घेऊन त्यांनी सांगितलंही होतं, की पोरीचा खेळ लहानपणीच ओळखला तो मी. मी म्हणाले, "काका, नाव नाही आलं."

"न्हाय आलं म्हंजे? मग लोकांना काय सांगू मी?"

बाबा दारात उभे होते. हळूच म्हणाले, "सांगायचं कशाला? पुढच्या साली येल."

काका बराच वेळ खांद्यावरची शाल चाचपत राहिले. "येल काय? आलंच पायजे," असं माझ्यावरच खेकसून ते आत गेले. दिवाळी आली आणि गेली, स्थळाचं नाव कुणी काढलं नाही.

पुढच्या वर्षी नाव आलं. भारताची जर्सी घालून मी परदेशात खेळले, पहिल्याच सामन्यात दोन बॉल हवेत झडपले, आणि परत आले तर नाक्यावर दुसऱ्याच कुणाच्या वाढदिवसाचा बॅनर. वडापाववाला म्हणाला, "ताई, परत गेलेलात काय?" माझं कौतुक सगळं शिळं झालं होतं. जुना बॅनर घरी भाताच्या पेंढ्यावर पसरलेला, माझं तोंड खाली. पुढे जिथे जिथे सत्कार झाला तिथे मी हा किस्सा सांगितला. आमच्या बाबांना शिबिर आणि संघ यातला फरक कळत नाही, असं मी म्हणायचे. लोक हसायचे, आणि पहिल्या रांगेत बसलेले बाबाही हसायचे.

आता मी मुलींना नेटबॉल शिकवते. परवा त्यातल्या एकीला शिबिराचं पत्र आलं आणि तिचा मामा आडवा आला. लग्नाचं वय, वगैरे. मी तणतणत घरी आले. बाबा ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होते.

"बॅनर लाव," ते म्हणाले.

"बाबा, शिबिर आहे ते, संघ नव्हे! किती वर्षं सांगू?"

"म्हाईत हाय मना. तवाबी म्हाईत व्हतं." त्यांनी पुढची शेंग उचलली. "मामाचा फोटो घे एक. गॉगलवाला असंल तर बरा. आनी सगल्यात मोठा लाव."

 इतकी वर्षं भरल्या सभागृहांत मी या माणसावर लोकांना हसवलं होतं, आणि ते पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. मला तिथेच रडू फुटलं.

"रडतेस काय?" बाबा म्हणाले. "फोन लाव."

मी डोळे पुसले आणि त्या पोरीला फोन लावला. विचारलं, "तुझ्या मामाचा एखादा चांगला फोटो आहे का गं?"