मेल्यावर हसायची पद्धत

पडद्यावर मरावं तर बाळा कुबलांनीच. हिंदी सिनेमात ते न्यायाधीश झाले, इन्स्पेक्टर झाले, नायिकेचे बाप तर किती झाले याला सुमार नाही. पण नाव कमावलं ते मरण्यात. गिरणी कामगाराचा हा मुलगा कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा आला तोच चादरीखालचं प्रेत म्हणून, आणि असा निपचित पडला की चादर उचलणारा नायक खरोखरच टरकला. तेव्हापासून कुणाला मरणारा बाप हवा असला की जोगेश्वरीला कुबलांच्या घरी फोन जायचा. कुबलांना याचा भारी अभिमान. "रडायला कुणीही रडतं रे," ते म्हणत, "पोट न हलवता पडून दाखव."

त्या पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या लाइटवाल्याने त्यांना पद्धत शिकवली होती. मेल्याचा शॉट झाला की लगेच उठायचं नाही. कॅमेरा चालू असताना डोळे उघडून हसायचं, मगच उठायचं. आपलं मरण ही कॅमेऱ्यातली शेवटची गोष्ट राहू नये, एवढाच हेतू. कुबलांनी ही पद्धत कधी मोडली नाही आणि सुगंधाने, त्यांच्या बायकोने, मोडू दिली नाही. शूटिंगवरून आल्यावर ती त्यांना दारातच अडवून मालवणीत विचारायची, "हसलात मां?" हो म्हटल्याशिवाय पाणी मिळत नसे.

मग बायपास झाली. ऑपरेशन झकास झालं, पण स्टुडिओंमधून बातमी फिरली की बाळाकाका संपले. फोन बंद. कुबल रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून बसत आणि दुपारी वर्तमानपत्रावर चिडत. छातीच्या दुखण्यापेक्षा हे दुखणं वाईट होतं. अखेर क्षमा नावाच्या तरुण दिग्दर्शिकेने त्यांना वेबसिरीजमध्ये आजोबांचं काम दिलं. पहिल्याच भागात मरणारे आजोबा. निर्माता कुरकुरला, "या तब्येतीत कशाला यांना?" ते कुबलांच्या कानावर आलं. आज खणखणीत काम केलं नाही, तर पुन्हा कुणी विचारणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. घाबरले मात्र नाहीत. मरायचंच तर होतं, त्यात काय अवघड?

वर्सोव्याहून बोटीने ते मढच्या बंगल्यावर पोचले, मेकअप करून पलंगावर आडवे झाले आणि एका दमात असे मेले की क्षमाचे डोळे भरून आले. "कट," ती म्हणाली. टाळ्या पडल्या.

कुबल उठले नाहीत. आता हसायचा शॉट घेतील म्हणून ते पडून राहिले. त्यांच्या काळी हे सांगावं लागत नसे. इथल्या पोरांना मात्र अशी काही पद्धत असते याचा पत्ताच नव्हता.

"काका, झालं," सहायक श्रेयस म्हणाला. मग त्याने खांदा हलवला. मग तो ओरडला, "क्षमा, काका उठत नाहीयेत यार."

एकच धावपळ उडाली. कुणी ॲम्ब्युलन्सला फोन लावला, कुणी पाणी आणलं. "मी सांगत होतो ना," निर्माता म्हणाला, "वाट लागली आता."

कुबल सगळं ऐकत होते. उठावं तर पद्धत मोडते, पडून राहावं तर काम जातं. शेवटी डोळे मिटलेलेच ठेवून ते म्हणाले, "क्षमा, मी ठणठणीत आहे गं. कॅमेरा चालू कर. मेल्यावर हसायचं राहिलंय."

मग क्षमाने स्वतः कॅमेरा चालू केला. कुबलांनी डोळे उघडले, रिवाजापुरतं हसले, आणि निर्मात्याचा पांढराफटक चेहरा दिसल्यावर पोट धरून हसत सुटले. निर्मात्यालाही हसू आवरेना.

क्षमाने ते हसू पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. "काका, हा माणूस मी मारणार नाही," ती म्हणाली. "आजोबा आजारातून उठतील. शेवटच्या भागापर्यंत लागाल तुम्ही मला."

"म्हणजे माझं मरण कापणार?" कुबल दुखावले. "अगं, इतकं चांगलं मेलो की मी."

घरी सुगंधा दारातच उभी होती. "हसलात मां?"

"हसलो. पण मरण कापलं त्यांनी."

"बरा झाला," ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दारात उभी राहून रडली. पाणी द्यायचं त्या दिवशी राहूनच गेलं. ते कुबलांनी आत जाऊन स्वतः घेतलं, आणि आधी तिला दिलं.