भामाबाईंनी हात आडवा केला

वडिवळ्याच्या भामाबाईंच्या गळ्यात ‘गाईड’ असं लिहिलेलं ओळखपत्र आलं, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्याआधी चाळीस वर्षं त्या त्याच डोंगरात गुरं राखत, मोळ्या बांधत, करवंदं तोडत हिंडल्या होत्या; पण त्याला कुणी गाईडपणा म्हटलं नव्हतं. कार्ड आल्याबरोबर पारावरच्या मंडळींना कंठ फुटला. “बाईमानूस काय वाट दावनार पुण्याच्या लोकांना?” असं केरबा चारचौघांत बोलला. भामाबाईंनी ते ऐकलं, घरी गेल्या आणि कार्डाची दोरी बदलून घेतली. जुन्या दोरीने ते सारखं उलटं फिरायचं आणि नाव झाकायचं.

तळेगावचा धवल हौशी फोटोग्राफरांच्या सहली काढतो. एप्रिलातल्या एका रविवारी तो आठ जणांना घेऊन आला. एकेकाच्या गळ्यात दुधाच्या किटलीएवढी लेन्स. धनेशाच्या घरट्याचा फोटो मिळणारच, असं धवलने जाहिरातीत छातीठोकपणे लिहून टाकलं होतं, जणू पक्षी त्याच्याकडे नोकरीलाच होता. त्याने भामाबाईंना बाजूला घेतलं.

“मावशी, आज फोटो मिळाला तर यापुढचे सगळे ग्रुप तुमच्याकडेच. नाही मिळाला तर मला दुसरं जंगल बघावं लागेल.”

“बघू की,” भामाबाई म्हणाल्या. पहिलीच सहल होती. त्यांनी गळ्यातलं कार्ड सरळ केलं आणि पुढे चालू लागल्या.

देवराईच्या शिवेवर त्या थांबल्या. “पायतानं हितंच काढा.” राईत अनवाणीच जायचं आणि आतलं वाळकं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही, हा गावाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम. महागडे बूट घालून आलेली मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी अरुंधतीबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, खाली बसल्या आणि त्यांनी मोजे काढले. मग इतरांना लाज वाटली. अनवाणी माणूस आपसूक हळू चालतो, आणि काटा चुकवायच्या नादात गप्पही बसतो. राईत शिरेपर्यंत चाललेली लेन्सांची चर्चा बंद पडली.

एका जुन्या बेहड्याखाली भामाबाई वाकल्या. खाली उंबराच्या बिया आणि ताजी शीट पडलेली. “मादी आत हाय.” वर खोडात एक ढोली होती, तोंड लिंपून बुजवलेलं, मध्ये बोटभर फट. “अंडी घालाया आत बसती आन सोताला कोंडून घेती. नर त्या फटीतनं भरवतो. त्यो आला न्हाई, तर आतली समदी उपाशी.”

तास गेला. नर फिरकला नाही. धवलची चुळबुळ सुरू झाली. त्याने मोबाईल काढला आणि धनेशाची रेकॉर्ड केलेली हाक मोठ्याने लावली. इतर ठिकाणी सर्रास चालतं ते इथेही चालेल, असं त्याला वाटलं. नर आला खरा! पण ढोलीकडे गेलाच नाही. चोचीतलं उंबर टाकून देऊन तो ओरडत या झाडावरून त्या झाडावर सैरभैर फिरायला लागला. कॅमेरे खटखटले. भामाबाई धवलसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“बंद करा त्ये.”

“एकच मिनिट, मावशी. छान फ्रेम मिळतेय.”

“आदी बंद करा! त्याला वाटतंय दुसरा नर आलाय. त्यो त्यालाच हुडकीत बसंल आन आत ती माउली वाट बघंल. चला, समदी मागं फिरा. आपुन हितं हाय तवर त्यो आता ढोलीकडं यायचा न्हाई.”

“घरट्याच्या फोटोशिवाय? लोकांना मी काय सांगू?”

“भामाबाईनं हाकललं म्हनून सांगा.”

बोलून तर गेल्या. धवल पुन्हा येणार नाही, पारावरची मंडळी आठवडाभर हसणार, कार्ड खुंटीला लागणार, सगळं त्यांना स्वच्छ दिसत होतं. तरी त्या वळल्या आणि चालू लागल्या. अरुंधतीबाईंनी ट्रायपॉड मिटला. त्यांच्यामागून एकेक जण निघाला. सगळ्यात शेवटी धवल, मोबाईल खिशात टाकून.

शिवेवर बूट चढवत असताना मागून नराची हाक आली. फांद्यांच्या फटीतून बेहडा दिसत होता. नर ढोलीला बिलगला होता आणि चोच फटीत घालून भरवत होता. आठही जणांचे हात कॅमेऱ्यांकडे गेले. दोघं तर पुन्हा राईत शिरायला निघाले. भामाबाईंनी नुसता हात आडवा केला.

सगळे जागच्या जागी थांबले. तेवढ्या लांबून, मधल्या फांद्यांतून फोटोत धड काही येणार नव्हतं, म्हणून ते नुसते बघत राहिले.  इतक्या वर्षांत भामाबाईंची गुरंसुद्धा एका इशाऱ्यात थांबली नव्हती.

मंडळी गाडीत बसल्यावर धवल परत आला. आता हा दुसऱ्या जंगलाचं नाव काढणार, अशी भामाबाईंनी मनाची तयारी केली.

“मावशी, पिल्लं कधी बाहेर पडतात?”

“मिरगाच्या आगंमागं.”

“मग तोवर मी इथे कुणालाच आणत नाही. त्यानंतर कधी यायचं, ते तुम्ही सांगा.”

“सांगते की,” भामाबाई म्हणाल्या. “पन उजाडायच्या आत पोचायचं. आज तुमी लय उशीर केला.”

“हो मावशी,” धवल म्हणाला.