आज्ञाधारक घर

माझे धाकटे दीर लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर तारेच्या दोरांत आणि ग्रीसमध्ये काढल्यावर हा माणूस घरी येऊन हात धुतो आणि पुन्हा स्क्रूड्रायव्हरच कसा उचलतो, हे कोडं मला लग्न होऊन आल्यापासून सुटलेलं नाही. त्यांचा सगळा जीव साबणाच्या वडीएवढ्या एका संगणकात. तो कपाटावर बसून घरातले दिवे, पंप आणि गाणी सांभाळतो. त्यातलं सॉफ्टवेअर जगभरच्या अनोळखी लोकांनी मिळून लिहिलेलं आणि सगळ्यांना खुलं. "वहिनी, कंपनीचं यंत्र कुलूपबंद असतं. हे उघडून आपल्याला हवं तसं बदलता येतं," हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता नुसतं "हं" म्हणते.

मामंजी पाणीपुरवठ्यात होते. तीस वर्षं लांब दांड्याची किल्ली घेऊन गल्लोगल्ली फिरायचं, इथलं पाणी सोडायचं, तिथलं बंद करायचं. निवृत्त झाल्यावर ती फेरी घरात आली. तिन्हीसांजेला खोल्याखोल्यांतून हिंडून दिवे लावायचे, खिडक्या ओढायच्या, पंप बघायचा आणि मग टेपवर गाणी लावून बसायचं.

गेल्या वर्षी ते न्हाणीघरात पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. भावजींनी आठ दिवस रजा काढली आणि वडिलांना जागचं उठावंच लागू नये असं घर करून टाकलं. साडेसहा वाजले की दिवे आपसूक लागायचे, टाकी भरली की पंप थांबायचा, आणि मामंजींच्या तीनशे कॅसेटींवरून उतरवून घेतलेली गाणी आपली आपण सुरू व्हायची.

मामंजी खुर्चीत बसून राहिले. वॉकर भिंतीला टेकलेला. खोटं कशाला सांगू, मी त्यावर टॉवेल वाळत घालायला लागले होते.

व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी एक दिवस त्यांची पोटरी दाबून पाहिली. "आजोबा, पायातली ताकद चाललीय. अजून महिनाभर असेच बसलात तर तुम्हाला उभं करणं माझ्या हातात राहणार नाही."

"उठून करू काय? घर माझ्यावाचून चालतंय की."

भावजी दारात उभे होते.

रविवारी सकाळपासून लॅपटॉप मांडीवर. मी विचारलं, "काय बिघडलं?"

"काही नाही. बिघडवतोय."

संध्याकाळी बाहेरच्या खोलीतला दिवा लागला, गॅलरीतला लागेना. गाणीही गप्प.

"अरे, तुझं यंत्र झोपलंय," मामंजी म्हणाले.

"गॅलरीचं बटण हातानं दाबल्याशिवाय पुढचं काही हलत नाहीये, बाबा. आणि मी वर चढलोय." भावजी स्टुलावर उभे होते, हातात काहीच नव्हतं.

"सूनबाई?"

"माझे हात ओले आहेत," मी म्हटलं आणि घाईघाईनं ते नळाखाली धरले.

मामंजी कुरकुरत उठले. टॉवेल बाजूला फेकला. सात पावलं. बटण दाबलं तसा दिवा लागला आणि आत गाणं सुरू झालं. ते तिथेच कठड्याला धरून पूर्ण गाणं ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, "एवढा शिकला, आणि एक दिवा लावता येत नाही."

पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघराची खिडकी लावल्याखेरीज गाणी सुरू होईनात. मग पंप हटून बसला. दर आठ दिवसांनी नवं काहीतरी बिघडायचं आणि भावजी वहीत पावलांचा आकडा लिहायचे. सात, एकोणीस, बत्तीस. वॉकर जाऊन काठी आली. बाई पोटरी दाबून नुसतं "चांगलंय" म्हणू लागल्या.

परवा फेरी संपवून मामंजी भावजींच्या पाठीशी येऊन थांबले.

"काय रे, जिन्यातला दिवा अजून नीट चालतोय का?"

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी भांड्यात पाहिलं.

"चालतोय, बाबा."

"गुरुवारी बिघडव. त्या दिवशी बाई येतात. पायऱ्या उतरताना धरतील मला."