मंगलाताई पडल्या तेव्हा

मंडळी, आज आमच्या नंदुरबारच्या मिरची कारखान्यात 'आपण एक कुटुंब' असा कार्यक्रम झाला. लाज वाटतेय, तरी लिहितेय.

पुण्याहून आलेल्या ट्रेनरने खेळ सांगितला. एकाने डोळे मिटून मागे पडायचं, बाकीच्यांनी झेलायचं. दोघातिघांना आम्ही हसत झेललं.

मग पॅकिंगच्या मंगलाताई आल्या. मिरचीच्या धुळीत काम करणाऱ्या बायकांना मास्क द्या, अशी तक्रार त्यांनी मागच्या महिन्यात वर केली होती. तेव्हापासून मॅनेजरसाहेब भडकलेले आहेत आणि डबा खायला ताईंजवळ कुणी बसत नाही. मीसुद्धा नाही.

ताई मागे झुकल्या आणि आम्ही सगळ्यांनी आधी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. तेवढ्यात त्या फरशीवर आपटल्या. मनगट मोडलं.

रिक्षात बसवताना त्या एवढंच म्हणाल्या, "माले वाटनं, तुम्ही धरशात."

संध्याकाळी साहेबांनी ग्रुपवर खेळाआधीचा फोटो टाकला. त्यात मंगलाताईही हसताहेत. खाली एकेकाचा अंगठा येतोय. माझा अजून दिलेला नाही, आणि खरं सांगते, भीती वाटतेय.

तुमच्याकडे पडणाऱ्याला धरण्याआधी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागतं?