सोळावा आवाज

जपानमधल्या साकाता बंदराजवळच्या सुपरमार्केटात मी एकोणीस वर्षं मासळी कापतेय. चिझुरू कुरामोची तिथं मॅनेजर म्हणून आल्या तेव्हा चाळिशीच्या होत्या, शिडशिडीत, कायम घाईत.

रोज साडेआठला गोदामात हजेरी. मॅनेजरनं म्हणायचं, "या, आपलं स्वागत आहे." आम्ही पंधरा जणांनी कमरेत वाकून तेच एका सुरात म्हणायचं. महिनाभरानं बाईंनी मला बाजूला घेतलं.

"नेझू-सान, हजेरीला आपली माणसं किती?"

"पंधरा."

"मला सोळा आवाज ऐकू येतात. शेवटचा जरा मागून येतो. पुरुषाचा, घोगरा."

"ते हातानाका-सान," मी सुरी पुसत म्हटलं. "तुमच्या आधीचे मॅनेजर. सत्त्याण्णव दिवस सुट्टी घेतली नाही, आणि बर्फाच्या मशीनपाशी कोसळले ते गेलेच. आम्हाला सवय झालीय. तुम्हालाही होईल."

तशी ती झालीही. विभागप्रमुख सागावा रोज फोनवर सुनवायचे, "मॅनेजरला कसली सुट्टी? दुकान म्हणजे तुम्हीच." बाई "हो" म्हणायच्या. जेवण म्हणजे गोदामात उभ्यानं खाल्लेला भाताचा एक गोळा.

दुसऱ्या हिवाळ्यात त्यांना सणकून ताप आला आणि पहिल्यांदा त्या घरी राहिल्या. हजेरी त्यांच्या मदतनिसानं घेतली. आम्ही वाकलो, म्हटलं. मागून हातानाका-सान म्हणाले. आणि त्यांच्यामागून, स्पष्ट, बाई. बराच वेळ कुणी वर बघितलं नाही.

दुपारी मी फोन केला. त्यांच्या आईनं उचलला.

"चिझुरूला बोलता येत नाहीये हो. घसा नाही दुखत, पण आवाजच फुटत नाही."

"कधीपासून?"

"सकाळी साडेआठला उठून बसली, कमरेत वाकली. नुसते ओठ हलले. तेव्हापासून."

सकाळी मी जे ऐकलं ते आईंना सांगितलं, त्यांनी ते लेकीला सांगितलं. पलीकडे वहीतला कागद फाडल्याचा आवाज आला. मग आईच म्हणाल्या, "ती राजीनामा लिहितेय."

सागावा तणतणत स्वतः हजेरी घ्यायला आले. एकच सकाळ. वाक्य म्हणून झाल्यावर मागून आलेला घोगरा आवाज ऐकून त्यांनी आमच्या मागे बघितलं, टाय सैल केला आणि पायऱ्या उतरून गेले. तेव्हापासून हजेरी बंद आहे.

बाई आता जवळच्या करिया गावातल्या नाशपातीच्या बागेत काम करतात. बोलायला लागायला त्यांना दोन महिने लागले. परवा भेटल्या.

"तुम्ही कधी सोडताय, नेझू-सान?"

"बघू," म्हटलं. "नव्या वर्षाची गर्दी होऊन जाऊ दे."

त्या माझा हात बराच वेळ धरून उभ्या राहिल्या.